आधी कागद, मग कपाटं

वाचकाचं पत्र, थोडक्यात: एका संस्थेच्या बंद इमारतीत १९८०च्या दशकातलं आयबीएमचं मेनफ्रेम धूळ खात पडलं आहे. इमारत पाडणार आहेत. तीन आठवड्यांत कोणी उचललं नाही तर सगळं भंगारात जाईल, उचललं तर फुकट. यादी अशी: ४३४१ प्रोसेसर, ३८८० हे डिस्कचं कंट्रोल युनिट, ३३७० डिस्कची दोन कपाटं, ३४२० टेप ड्राइव्ह दोन, ३२७४ टर्मिनल-कंट्रोलर, ३२७८ टर्मिनल दोन, आठ इंची फ्लॉप्यांचा एक डबा, चाळीसेक टेप आणि तीन फळ्या भरून मॅन्युअल. पत्रलेखकाच्या घराला लागून गॅरेज आहे. ते इम्युलेटरवर (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) एमव्हीएस ही आयबीएमची मेनफ्रेम प्रणाली चालवतात आणि तेच खऱ्या यंत्रावर चालताना बघायचं त्यांचं स्वप्न आहे. गाडीत जागा कमी, म्हणून आधी कपाटं न्यायची आणि कागद-फ्लॉप्या जमल्या तर, असा बेत आहे. पत्नीचं म्हणणं: ‘एकदा आलं की ते कधीच परत जाणार नाही.’ ते विचारतात, ‘मी नाही वाचवलं तर कोण वाचवणार? नेऊ का?’

प्रिय वाचक,

‘नेऊ का’चं उत्तर देतोच, पण आधी गाडीत सामान चढवायचा तुमचा क्रम उलटा करू या. ही एक चूक झाली, तर पुढे सगळं नीट करूनही हाती लोखंडच उरेल.

४३४१ला वीज दिली म्हणजे ते संगणक झालं असं होत नाही. सूचना कशा पाळायच्या हे सांगणारा मायक्रोकोड त्यात दर वेळी बाहेरून भरावा लागतो आणि तो असतो आठ इंची फ्लॉपीवर. ती फ्लॉपी नसेल तर प्रोसेसर म्हणजे पंखे फिरवणारं कपाट. ३२७४चीही तीच गत: त्याची फ्लॉपी वाचली गेल्याशिवाय टर्मिनलवर काही उमटत नाही. हे दुखणं एकट्या तुमच्या यंत्राचं नाही. डीईसी कंपनीच्या व्हॅक्स-११/७८०च्या पोटात कन्सोल म्हणून एलएसआय-११ हा छोटा संगणक बसलेला असतो, तोही आठ इंची फ्लॉपीवरूनच जागा होतो. ११/७३०चा मायक्रोकोड टीयू५८च्या छोट्या टेप-कॅसेटवरून येतो, आणि त्या ड्राइव्हचं रबरी चाक एव्हाना बहुतेक ठिकाणी डांबरासारखं चिकट झालेलं असतं. आयबीएमच्या झेड मालिकेतल्या अनेक मेनफ्रेममध्ये हे काम सपोर्ट एलिमेंट नावाचा लॅपटॉप करतो. संस्था यंत्र निकालात काढताना सुरक्षेच्या नियमाने नेमकी त्याचीच डिस्क पुसते आणि हौशी माणूस मुकं धूड घरी नेतो.

तेव्हा फ्लॉप्यांचा डबा पहिल्या फेरीत, आणि तोही तुमच्या मांडीवर. प्रत्येक कपाटाचं दार उघडून फ्लॉपीची फट शोधा. शेवटची वापरलेली फ्लॉपी बहुतेकदा तिथेच राहिलेली असते. दारांच्या आतल्या खिशांतही पाहा.

फ्लॉपी हाती आली की ती जुन्या ड्राइव्हमध्ये घालून ‘चालते का’ बघायचा मोह होईल. तो आवरा. वेष्टनाच्या फटीतून चकती हाताने हळूहळू फिरवत उजेडात बघा. पांढरट ठिपके म्हणजे बुरशी. आरपार दिसणारी गोल रेघ म्हणजे तिथला ऑक्साइडचा चुंबकीय थर गेला. बुरशी लागलेली फ्लॉपी घातली तर ती स्वतः खरवडली जाते आणि हेडवर कचरा सोडून पुढच्या चांगल्या फ्लॉपीचाही घास घेते. वाचन ग्रीझवीझल किंवा क्रायोफ्लक्ससारख्या बोर्डाने फ्लक्स पातळीवर करा, म्हणजे स्वरूप माहीत नसलं तरी चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपले जातात. मायक्रोकोडच्या फ्लॉप्या दरवेळी नेहमीच्या स्वरूपात असतीलच असं नाही, म्हणून हा मार्ग. ७७ ट्रॅक, प्रत्येकाचे निदान तीन ते पाच फेरे, आणि प्रत्येक फ्लॉपीनंतर हेड आयसोप्रोपिलने पुसायचं. आठ इंची ड्राइव्हला ५० पिनांची जोडणी असते, बोर्डाला ३४ पिनांची, म्हणून मध्ये अडॅप्टर लागतो. शिवाय २४ व्होल्ट लागतात. काही ड्राइव्हची मोटर थेट एसी विजेवर फिरते आणि ५० की ६० हर्ट्झ यानुसार तिची पुली वेगळी असते. पुली चुकली की गती चुकते आणि माणूस फ्लॉपीला दोष देत बसतो. जुन्या प्रमाण स्वरूपाच्या एका बाजूच्या फ्लॉपीत ७७ ट्रॅक, २६ सेक्टर, १२८ बाइट, म्हणजे एकूण २,५६,२५६ बाइट मावतात. यंत्राचा प्राण फोनवरच्या एका फोटोपेक्षाही लहान आहे, आणि तुम्ही तो ‘जमलं तर’च्या यादीत टाकला होतात!

आता कागद. छापील, सर्वांना मिळत असे ती मॅन्युअल बिटसेव्हर्ससारख्या संग्रहात मोठ्या प्रमाणात स्कॅन झालेली आहेत. तीन फळ्यांतली अशी पुस्तकं सुटली तर फार हळहळू नका. जे कुठेच नाही ते वेगळं असतं: यंत्राच्या अनुक्रमांकाशी आणि बदल-पातळीशी बांधलेले लॉजिक-आकृत्यांचे खंड, देखभालीचे नकाशे, आणि देखभाल अभियंत्याची हाताने लिहिलेली नोंदवही. कोणतं कार्ड कधी बदललं, कोणती वायर नंतर जोडली, हे फक्त त्या वहीत असतं. आधी अनुक्रमांक लिहिलेलं सगळं, मग हस्तलिखित, मग बाकीचं.

आता तुमच्या यादीकडे. तिच्यात एक भोक आहे. दोन ३४२० आहेत, पण ३८०३ कुठे आहे? ३४२० थेट चॅनेलला, म्हणजे प्रोसेसरच्या जोडणी-वाहिनीला, जोडता येत नाही, मध्ये ३८०३ हे टेप कंट्रोल युनिट लागतंच. ते नसेल तर ते दोन ड्राइव्ह म्हणजे व्हॅक्यूमचे उंच खांब असलेलं सुंदर फर्निचर. कदाचित ते तिथेच ‘रिकामं कपाट’ समजून कोपऱ्यात ढकललेलं असेल. उद्याच जाऊन मागच्या पाट्या वाचा. इम्युलेटरवर शिकलेल्यांकडून ही चूक हमखास होते, आणि तिचं कारण मजेशीर आहे: हर्क्युलीस या इम्युलेटरच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये डिस्कला एक ओळ लागते, टेपला एक ओळ, पण ३८८० आणि ३८०३ यांच्यासाठी ओळच नसते. तिथे जे लिहावं लागत नाही, ते प्रत्यक्षात शेकडो किलोंचं असतं.

दुसरी गोष्ट तुम्हाला टोचेल. ३३७० ही ठरावीक आकाराच्या ब्लॉकची डिस्क आहे, एफबीए पद्धतीची. व्हीएम आणि डॉस/व्हीएसई या आयबीएमच्या प्रणालींनी ती पद्धत स्वीकारली, एमव्हीएसने कधीच नाही. म्हणजे यादीतलं सगळं मिळालं, सगळं चालू झालं, तरी या डिस्कांवर तुमचं एमव्हीएस चालणार नाही. त्याला ३३३० किंवा ३३५०सारखी वेगळ्या पद्धतीची डिस्क लागेल. स्वप्न सोडा असं म्हणत नाही, पण ‘हेच यंत्र, हीच प्रणाली’ असा हट्ट असेल तर तो इथेच संपतो. डॉस/व्हीएसई किंवा व्हीएमवर मन रमत असेल तर पुढे वाचा. हर्क्युलीस ३३७०सुद्धा दाखवू शकतो. आधी तिथे दोन आठवडे त्या प्रणालींशी झटापट करून बघा.

तिसरी गोष्ट पाट्यांवरच्या एका अक्षराची. ३३७०चं ए मॉडेल साखळीच्या डोक्याशी बसतं, बी मॉडेल त्याच्या मागे जोडायचं असतं. दोन्ही कपाटं बी निघाली तर डिस्क नाही असंच समजा. ३२७४च्या मॉडेलमध्ये सी असेल तर तो दूरच्या कार्यालयात मोडेमवरून वापरायचा प्रकार आहे, चॅनेलला लागणारा नव्हे.

आणि केबल. चॅनेलच्या करड्या जाड केबल जोडीने येतात: एक बस, एक टॅग. साखळीच्या शेवटच्या पेटीवर दोन टर्मिनेटर लागतात, एक बसचा, एक टॅगचा. तळहाताएवढे ठोकळे, भंगारवाल्याच्या पोत्यात सहज जातात, आणि त्यांच्याविना चॅनेल बोलत नाही. केबल खोट्या जमिनीखाली, म्हणजे उचलता येणाऱ्या फरश्यांखाली असतात, त्यामुळे हमाल वरून कापून मोकळे होतात. त्याआधी तुम्ही फरश्या उचला, दोन्ही टोकांना एकच क्रमांक लावा, फोटो काढा, मगच सोडवा. टर्मिनलची कोअ‍ॅक्स ९३ ओहमची, आरजी-६२ जातीची असते. टीव्हीची ७५ ओहमची केबल तिच्या जागी लावून गोंधळ वाढवू नका.

टेपबद्दल घाई नाही. त्या वाचायला तुमचे ३४२० लागतच नाहीत. अर्ध्या इंची नऊ ट्रॅकच्या टेप एचपी ८८७८०सारख्या स्कझी जोडणीच्या ड्राइव्हवर वाचता येतात आणि असा ड्राइव्ह बाळगणारे हौशी लोक आहेत. २४०० फुटांच्या रिळात इंचाला १६०० बाइटच्या घनतेने हिशेबाप्रमाणे ४६ एमबी मावतात. पण ८० बाइटचे सुटे ब्लॉक लिहिले असतील तर प्रत्येक ०.०५ इंच माहितीमागे ०.६ इंच मोकळी जागा जाते आणि रीळभर मिळून साडेतीन एमबी निघतात. टेप चिकट झाली असेल, किंचाळत फिरत असेल, तर लगेच थांबवा. अशा पॉलिएस्टर टेपला ५० ते ५५ अंशांवर आठेक तास किंवा जास्त कोरडी ऊब दिली की बांधणारा थर काही दिवस सावरतो, तेवढ्यात वाचून घ्यायचं. अ‍ॅसिटेटच्या जुन्या टेपला ही ऊब देऊ नका. स्वयंपाकाची भट्टी नको, तिचं तापमान वर-खाली होतं.

आता तुमच्या पत्रातलं मूळ गृहीतक. वाचवणं म्हणजे घरी आणणं, आणि घरी आणणं म्हणजे चालू करणं, असं तुम्ही धरलं आहे. या दोन्ही पायऱ्या वेगवेगळ्या आहेत आणि दुसरी तर कित्येकदा पहिलीच्या विरोधात जाते. माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये १९५९ साली जाहीर झालेल्या आयबीएम १४०१ची दोन यंत्रं चालू अवस्थेत आहेत. ती चालतात कारण त्यांच्या कार्डांवर सुटे ट्रान्झिस्टर आहेत आणि एक मेला तर दुसरा बसवता येतो. शिवाय जाणत्या लोकांचा एक गट वर्षानुवर्षं त्यांच्यामागे आहे. ४३४१मध्ये आयबीएमच्या स्वतःच्या दाट चिप आहेत. त्या बाजारात कधीच विकल्या गेल्या नाहीत. एक गेली तर दुसऱ्या ४३४१मधूनच काढावी लागेल. जुन्या पीडीपी-११ किंवा व्हॅक्स-११/७८०मधल्या बहुतेक चिप नेहमीच्या टीटीएल जातीच्या, त्या आजही मिळतात. दुरुस्तीची खाज असलेल्याने या फरकाकडे आधी बघावं आणि मग वेडाची जात निवडावी.

न चालवता, कोरडं, पूर्ण, कागदांसकट ठेवलेलं यंत्र हेही जतनच आहे. उलट घाईने बटण दाबून भाजलेलं यंत्र म्हणजे भंगारवाल्याचंच काम आपण हौसेने केलं.

गॅरेजचा हिशेब कागदावर करा. आयबीएमने या पेट्यांसाठी ‘फिजिकल प्लॅनिंग’ची मॅन्युअल काढली होती. त्यांत प्रत्येक पेटीचं वजन, मापं, दारं उघडायला लागणारी जागा, वीज आणि उष्णता दिलेली असते. घराच्या खोल्यांच्या जमिनी बहुतेक देशांच्या संकेतांत चौरस मीटरला दीडशे-दोनशे किलोंच्या भारासाठी आखतात. साडेचारशे किलोंची पेटी सव्वा चौरस मीटरवर उभी केली तर तो ३६० होतो, तोही चार पायांवर एकवटलेला. जमिनीवर ओतलेलं काँक्रीट हे सोसतं, वरचा मजला सोसेलच असं नाही. तिथे स्ट्रक्चरल अभियंत्याला विचारल्याशिवाय पाऊल नको. पोलादी चॅनेलवर पेटी दहा-पंधरा सेंटिमीटर उचलून ठेवली तर भार पसरतो, शिवाय खालून येणाऱ्या केबलना आणि हवेला वाट मिळते. ही यंत्रं खोट्या जमिनीवर उभी राहायला घडवलेली आहेत, हे घरी नेणाऱ्याच्या लक्षात नंतर येतं.

विजेचं असंच. सगळ्या नेमप्लेटची बेरीज ९ केव्हीए निघाली असं धरा. तीन फेज लागणार. ती जवळपास सगळी उष्णता होऊन त्याच गॅरेजात राहणार: ताशी तीस हजार बीटीयूंच्या वर, म्हणजे अडीच टनांहून जास्त वातानुकूलन. चार तास चालवलं तर ३६ युनिट. फ्रिक्वेन्सीही पाहा. काही पॉवर सप्लायमध्ये फेरोरेझोनंट ट्रान्सफॉर्मर असतो, तो एकाच फ्रिक्वेन्सीला जुळवलेला असतो. ६० हर्ट्झचा तुकडा ५०वर लावला तर तो तापत जातो. मोठ्या जातीची यंत्रं, म्हणजे ३७०/१६८ किंवा ३०३३, चारशे हर्ट्झच्या वरची वीज आणि पाण्याचं थंडावणं मागतात. ती घरासाठी नाहीतच. तुमचं ४३४१ हवेने थंड होतं, एवढं नशीब. जुन्या लाइन-फिल्टरमधून जमिनीकडे थोडा प्रवाह गळतो आणि अनेक पेट्यांचा मिळून ३० मिलिअँपिअरचा सुरक्षा-ब्रेकर पाडतो. तेव्हा ब्रेकर काढून टाका असं सांगणारा भेटेल. त्याचं ऐकू नका. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून आर्थिंग आणि वेगळी वाहिनी करून घ्या.

या सगळ्यापेक्षा ओल जास्त घातक. सापेक्ष आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत ठेवा, महिना-दोन महिने आधी मीटर ठेवून नोंदी घ्या. प्लास्टिकमध्ये गुंडाळून वर्षानुवर्षं ठेवू नका, आत घाम सुटतो. सुती चादर बरी. थंड जागेतून उबदार जागेत आणताना मात्र एक-दोन दिवस प्लास्टिक राहू द्या, म्हणजे पाणी कार्डांवर न साचता बाहेरच्या बाजूला साचेल. उंदरांचं मूत्र बॅकप्लेनच्या (कार्डं बसवायच्या फळीच्या) पिना खातं. केबलची भोकं जाळीने बंद करा.

दारांच्या आत आवाज शोषणारा फोम असतो. तो आता चुरा किंवा चिकट लगदा झाला असेल. हलवण्याआधीच तो खरवडून काढा, नाहीतर वाटेत तो पंख्यांत, कार्डांत आणि डिस्कच्या फिल्टरमध्ये जाईल. मास्क लावा. जुन्या, तेल भरलेल्या कपॅसिटरमध्ये पीसीबी हे विषारी रसायन असू शकतं आणि काही जुन्या यंत्रांत अ‍ॅस्बेस्टॉस. फुगलेलं-गळलेलं काही उघड्या हाताने पुसू नका. डिस्कचे हेड आणि टेपच्या काचेची दारं मॅन्युअलप्रमाणे लॉक केल्याशिवाय पेटी जागची हलवू नका. बॅटऱ्या दिसल्या की आधी फोटो, मग बाहेर.

आणि समजा, सगळं जमून आलं आणि वीज द्यायची वेळ आली. तर पूर्ण यंत्राला कधीच एकदम वीज द्यायची नाही. पॉवर सप्लाय एकेक करून लॉजिकपासून सोडवा. मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर अनेक वर्षं पडून राहिले की त्यांचा ऑक्साइडचा थर पातळ होतो. बाहेर काढून, मालिकेत एक किलोओहमचा रेझिस्टर लावून, बेंच सप्लायने व्होल्टेज टप्प्याटप्प्याने, काही तासांत, लेबलावरच्या आकड्यापर्यंत न्या. एक लाख मायक्रोफॅरडच्या डब्याला भरायलाच काही मिनिटं लागतात. रेझिस्टरवरचं व्होल्टेज उतरत जाऊन स्थिरावलं तर थर परत बनतोय. उतरतच नसेल किंवा डबा कोमट झाला तर बदला. सगळेच कपॅसिटर डोळे मिटून बदलण्याची फॅशन मला पटत नाही, पण मेन्सवरचे पारदर्शक पिवळट वेष्टनातले कागदी फिल्टर कपॅसिटर याला अपवाद. त्यांना तडे जातातच आणि मग ते भसाभस धूर सोडतात. ते सरसकट काढा. सेलेनियमचे रेक्टिफायर दिसले तर तेही, त्यांचा धूर विषारी असतो.

व्हेरिअ‍ॅकने (व्होल्टेज कमी-जास्त करायच्या ट्रान्सफॉर्मरने) हळूहळू व्होल्टेज वाढवायचा सल्ला सगळीकडे ऐकाल. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या सप्लायला तो ठीक. स्विचिंग सप्लायला कमी व्होल्टेज दिलं तर तो जास्त प्रवाह ओढतो, आणि फेरोरेझोनंटचं तर नियंत्रणच बिघडतं. तिथे व्हेरिअ‍ॅक नको. सप्लायला खोटा भार लावून तपासा: ५ व्होल्टच्या आउटपुटला अर्ध्या ओहमचा रेझिस्टर लावला की १० अँपिअर आणि ५० वॉट होतात, म्हणून रेझिस्टर शंभर वॉटचा घ्या आणि विटेवर ठेवा. व्होल्टेज, ऑसिलोस्कोपवर रिपल (व्होल्टेजमधली चढउतार), आणि जास्त व्होल्टेजला सप्लाय पाडणारं संरक्षण, तिन्ही बघा. टीटीएलला ४.७५ ते ५.२५ व्होल्ट चालतात. आयबीएमच्या चिप वेगळे आकडे मागतात, ते मॅन्युअलमधूनच घ्या. मग पंखे, मग कन्सोलची बाजू, मग प्रोसेसर. डिस्क सर्वांत शेवटी. ३३७०चे फिल्टर चाळीसेक वर्षांचे आहेत आणि हेड एकदाच आपटतं.

संस्थेकडून लेखी पत्र घ्या: मालकी तुमच्याकडे आली, आणि डिस्क-टेपवरच्या माहितीचं काय करायचं. त्यांत लोकांचे पगार, खाती, पत्ते असू शकतात. चकत्यांचे बंद संच नष्ट करायचाच त्यांचा आग्रह असेल तर वाद घालत बसू नका. ते संच त्यांना काढून द्या, कपाट न्या. टेपवर प्रणालीचं सॉफ्टवेअर सापडलं तर त्याची प्रत जपा. लोकांची माहिती सापडली तर तिला पाय फुटू देऊ नका.

तुमच्या पत्नीचं वाक्य या सगळ्या पत्रव्यवहारातलं सर्वांत अचूक तांत्रिक निरीक्षण आहे. आलेलं जात नाही, कारण बाहेर काढायचा खर्च आणण्याच्या खर्चाइतकाच असतो आणि तोवर उत्साह संपलेला असतो. तेव्हा आणण्याआधीच जाण्याचं ठरवा. दोघं बसून कागदावर लिहा: गॅरेजचा किती भाग, किती वर्षं, कोणत्या टप्प्यापर्यंत काम झालं नाही तर कोणाला द्यायचं, आणि तुम्हाला काही झालं तर तिने कोणाला फोन करायचा. ‘संग्रहालयाला देऊ’ एवढं पुरेसं नाही. बरीच संग्रहालयं जागेअभावी नाही म्हणतात, आणि घेतलेलंही कायम राहतं असं नाही. पॉल अ‍ॅलन यांनी सिअ‍ॅटलमध्ये उभारलेलं, चालू यंत्रांचं संगणक संग्रहालय २०१२ साली लोकांसाठी उघडलं, २०२०मध्ये बंद झालं, २०२४मध्ये ते कायमचं बंद झाल्याचं जाहीर झालं आणि संग्रहातल्या वस्तू लिलावात गेल्या. त्यांच्याकडे पैसा होता, तुमच्याकडे गॅरेज आहे.

तर, नेऊ का? कागद, फ्लॉप्या, टेप, केबल, टर्मिनेटर, फोटो: निःशंक न्या. ते सगळं दोन फडताळांत मावेल आणि उरलेलं भंगारात गेलं तरी जगातल्या दुसऱ्या कुठल्यातरी ४३४१ला त्यातून श्वास मिळू शकेल. टर्मिनल, त्यांचे कळफलक आणि ३२७४ही न्या. प्रोसेसर, ३८८० आणि ए मॉडेलचं ३३७० तेव्हाच, जेव्हा जमीन, ओल, दाराची रुंदी आणि पत्नी, या चारही कसोट्यांवर उत्तर ‘हो’ येईल. बी मॉडेलचं कपाट जागा उरली तर, सुट्या भागांसाठी. ३४२० मात्र ३८०३ सापडल्याशिवाय नकोत. ज्याच्याकडे ३८०३ आहे आणि ड्राइव्ह नाही असा माणूस शोधून त्याला कळवा. उलट प्रोसेसरसुद्धा दुसऱ्याने नेला आणि फ्लॉपीची प्रत तुम्ही त्याला दिली, तर ते वाचवण्यात तुमचा वाटा कमी होत नाही.

ज्यांना घरात खरोखर चालणारं मेनफ्रेमच हवं आहे आणि अशी आयती संधी समोर नाही, त्यांनी मोठ्या कपाटांमागे लागू नये. आयबीएमची १९८६ची ९३७० मालिका हवेने थंड होणारी, रॅकमध्ये बसणारी आहे. पी/३९० हे तर पीसीत बसवायचं कार्ड. १९९९चं मल्टिप्राइज ३००० तुलनेने लहान आणि डिस्क पोटातच असलेलं. या सगळ्यांत विचारायचा पहिला प्रश्न तोच: सुरू करणारी डिस्क शाबूत आहे की पुसली? आणि फक्त दिव्यांचं पॅनेल भिंतीवर लावायला हवं असेल तर नवी प्रतिकृती करून घ्या. चांगल्या आयबीएम ३६० यंत्राचं तोंड उतरवून धड टाकून दिल्याची उदाहरणं कमी नाहीत.

उद्या जाताना विजेरी, जाड मार्कर, चिकटपट्टी, मोजपट्टी आणि झिपच्या पिशव्या बरोबर घ्या. पहिलं काम ३३७०च्या पाटीवरचं अक्षर वाचायचं, दुसरं कोपऱ्यातली ‘रिकामी’ कपाटं उघडून बघायचं. टर्मिनेटर शेवटच्या पेटीच्या मागे, खालच्या बाजूला, धुळीत असतील.